परदेशात फिरताना नवखे दिसू नये म्हणून



सुट्ट्या जवळ आल्या की स्टाफरूममध्ये दुबई, सिंगापूर, युरोपच्या गप्पा सुरू होतात. बॅग भरण्याआधी वर्गात एक प्रश्न विचारून बघा : नांदेड स्टेशनवर उतरलेला बाहेरचा माणूस तुम्ही कसा ओळखता?

माझ्या वर्गात पहिलं उत्तर आलं, "पगडीवरून!" पण हुजूर साहिबच्या गावात पगडीवाला मुलगा तर शेजारच्याच बाकावर बसतो. मग खरी उत्तरं आली. तो बाहेर पडताच दारातच थांबतो. मोबाईल बघतो, मान वर करतो, पुन्हा मोबाईल बघतो. ऑटोवाला म्हणेल तेवढे पैसे देतो. सारखा खिसा चाचपतो. लातूरच्या मुलांनाही विचारा. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, तिथं नवखा माणूस कसा गोल फिरतो ते हसत हसत सांगतील.

परदेशात ते नवखे आपण असतो, आणि खिसेकापू याच खुणा शोधत असतो. खिसा चाचपला की पैसे कुठे आहेत ते आपणच दाखवतो. आपला रंग, आपली भाषा लपवायची काहीच गरज नाही. गोंधळ मात्र लपवता येतो. हॉटेलातून निघण्याआधीच रस्ता आणि उतरायचं स्टेशन बघून ठेवा. चुकलात तर चौकात उभं न राहता एखाद्या दुकानात शिरा आणि मग मोबाईल काढा. पॅरिसमध्ये पाकीटमारांचा त्रास इतका वाढला होता की एप्रिल २०१३ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं. तिथं कुणी सह्यांसाठी कागद पुढे करतं, कुणी जमिनीवरची अंगठी उचलून "तुमची का?" विचारतं. थांबू नका, चालत राहा. आपल्याला हे जड जातं, कुणी बोललं की थांबायची आपली रीत आहे ना!

मोठं गंठण लॉकरमध्ये, गळ्यात साधी पोत. एवढं पुरे.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं. पुढची सहल तिथंच संपते. म्हणून झेरॉक्स वेगळ्या बॅगेत आणि फोटो घरच्यांकडे ठेवा. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीतच ठेवा, असं मात्र सरसकट सांगता येत नाही. जपानमध्ये पर्यटकाने तो जवळ बाळगावा असा कायदा आहे.

चोरापेक्षा मला जास्त भीती वाटते ती आपल्या फराळाच्या डब्याची. खसखस ही अफूच्या झाडाची बी. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये ती न्यायला बंदी आहे. म्हणजे अनारसे गेले, आणि खसखस घातलेला काळा मसालाही. माझी बहीण दिवाळीत लेकीकडे दुबईला निघाली होती. आदल्या रात्री भाचीचा फोन आला म्हणून बरं, अनारशांचा डबा घरीच राहिला. शेव-चिवडा तेवढा गेला. औषधांचंही तसंच. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या-सिरपवर अमिरातीत निर्बंध आहेत. डॉक्टरांना आधी विचारा आणि तिथली परवानगी लागते का ते बघा.

युरोपीय संघात तातडीचा क्रमांक ११२, म्हणजे आपल्याकडचाच. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५. सोबत मुलं असतील तर त्यांच्याकडून पाठ करून घ्या. आपण घाबरलो की आकडे त्यांनाच आठवतात.