उन्हातली तोडणी आणि पिण्याचे पाणी



हंगाम लांबला की जिंतूरकडच्या फडात एप्रिलातही कोयता चालूच असतो. पारा चाळीसच्या वर, आणि उसाच्या दाटीत वारा म्हणून नाही. अशा वेळी आपल्यापैकी पुष्कळजण मोठ्या मनाने टोळीपुढे कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवतात. हेतू चांगला, पण साखरेवर पोट असणाऱ्या आम्हालाही त्याबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे.

घाम गेला की रक्तातले पाणी घटते. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, रक्तात सुटते. येलदरीत पाणी कमी असले की पाटकरी जसा दारे आवळून धरतो, तसे हे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावते. म्हणून लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून सुटणारे अल्डोस्टेरॉन मीठ राखते. उन्हाला सरावलेल्या गड्याचा घाम कमी खारट असतो तो त्यामुळेच. हा सराव व्हायला आठ-पंधरा दिवस जातात, तेव्हा नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी पुरे काम घेऊ नये.

साधे पाणी प्याले की व्हॅसोप्रेसिन लगेच उतरू लागते. गोड पेयाचे तसे होत नाही. अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठातील एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ निरोगी माणसांनी ३५ अंश उष्णतेत चार तास व्यायाम केला. एकदा पाणी पिऊन, एकदा कोल्ड्रिंक पिऊन. कोल्ड्रिंकच्या वेळी व्हॅसोप्रेसिन वाढल्याची आणि मूत्रपिंडाला ताण बसल्याची लक्षणे रक्त-लघवीत दिसली. माणसे थोडी होती आणि त्या पेयात कॅफिनही होते, हे खरे. पण निकाराग्वा, एल साल्वादोरकडे ऐन उमेदीतल्या ऊसतोड्यांची मूत्रपिंडे निकामी होताना दिसली आहेत, आणि कडक उन्हातले काम हे त्याचे एक मोठे कारण मानतात. तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नये. दारूचे तर उलटेच! ती व्हॅसोप्रेसिन दाबते, आणि अंगातले उरलेसुरले पाणीही लघवीवाटे जाते.

मग साखर वाईटच का? नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्यावरच पटकीचे असंख्य रोगी वाचवले. थोडी साखर आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढते. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हगवण-उलटीला हे द्यावे. एरवी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि जेवणात ताक, भाकरी, लोणचे पुरते. नुसते पाणीही एका दमात घागरभर ढोसू नये, रक्तातले मीठ पातळ होते.

एक गोष्ट राहिली. टोळीतल्या बायका मुद्दामच पाणी कमी पितात, कारण तोडलेल्या फडात लघवीला आडोसा उरत नाही. ज्याच्या शेतात टोळी आली आहे त्याने माठ भरून ठेवावाच, पण बांधाला चार बांबू रोवून गोणपाटही बांधून द्यावे. खर्च फार नाही. टोळी उतरेल त्या दिवशीच बांधावे.