भुईमुगांतील बुरशीचें विष व पाण्याची ओढ

शेंगदाण्यावर हिरवट बुरशी दिसली म्हणजे आपण दाणा निवडून टाकितों, आणि दिसली नाहीं म्हणजे निर्धास्त होतों. परंतु बुरशी तेथें विष असतेंच असें नाहीं. व विष आहे तेथें बुरशी दिसेलच असेंही नाहीं.

१९६० सालीं इंग्लंडांत सुमारें १ लक्ष टर्की पक्षी मेले. दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत सांपडला. त्या पेंडींतील ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नामक बुरशीच्या विषास पुढें ‘अ‍ॅफ्लाटॉक्सिन’ हें नांव मिळालें. १९७४ सालीं बांसवाडा व पंचमहाल भागांत बुरसटलेला मका खाऊन शंभरांवर माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं.

हें विष होतें कसें? बुरशीच्या एका गुणसूत्रावर या कामाचीं सुमारें २५ ते ३० जनुकें जवळजवळ मांडलेलीं असतात. त्यांस कामास लावणारें मुख्य जनुक ‘एएफएलआर’ होय. कचेरींत हयात गेलेल्या मजसारख्यास हें चटकन उमजतें. कारकून कितीही असोत, सही करणारा जागेवर नसला कीं कागद हलत नाहीं. जपानांत सोयाबीन आंबविण्यास वापरतात ती ‘ओरायझी’ बुरशी हिचीच भाऊबंद. तिच्या दप्तरीं यांपैकीं बरींच जनुकें असूनही विष होत नाहीं.

हुकूम सुटणें न सुटणें हवापाण्यावर आहे. २८ ते ३० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास विष भरपूर होतें. ३७ अंशांस बुरशी जोमानें वाढते, पण विषाचीं जनुकें मंदावतात. शेंगा भरण्याच्या अखेरच्या तीन-चार आठवड्यांत पावसानें ओढ दिली कीं जमीन तापते व दाण्यांतील पाणी घटतें. निरोगी ओला दाणा बुरशीस अडविणारीं द्रव्यें स्वतः करितो. पाणी घटल्यावर ती शक्ति सरते, आणि बुरशी मात्र तेवढ्या ओलींतही तग धरिते. वाळवीनें शेंग पोखरली असल्यास तिला आयतेंच दार मिळतें.

सबब विहिरीचें एक पाणी या दिवसांकरितां राखावें. पीक पक्व होतांच काढावें. दाण्यांतील ओल ७-८ टक्क्यांवर आल्यावांचून पोतीं भरूं नयेत. सोलण्यापूर्वीं शेंगा भिजविण्याची चाल सर्वथा सोडावी. मीं एके वर्षीं ती केली व सबंध रास काळवंडली. भाजल्यानें हें विष पूर्ण जात नाहीं. तेल काढल्यावर तें बहुतांशीं पेंडींत राहतें, आणि ती पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधांत त्याचा अंश उतरतो.