धुमसणारी गादी

पेटत्या विडीचे थोटूक कापसाच्या गादीवर पडले, तर ज्वाला दिसेलच असे नाही. तंतूंमधली हवा मंद ज्वलनाला पुरते आणि उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गादी आतल्या आत तासन् तास धुमसते. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्या पनवेलहून खाडीपलीकडे असलेल्या मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली. खणात कापसाच्या गाठी होत्या. पाण्याचा मारा होऊनही आगीचे नेमके ठिकाण सापडले नाही. अखेर त्याच जहाजावरील स्फोटके उडाली. ६६ अग्निशामक जवान प्राणास मुकले.

तेव्हा वरून पाणी ओतले म्हणजे गादी विझली, असे समजू नका. घराबाहेर पडा आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलाला कळवा.