बाळंतपणाची तरतूद : घरातली आणि मनातली

व्यापारात येऊ घातलेल्या खर्चासाठी आधीच रक्कम बाजूला काढून ठेवतात. तिला तरतूद म्हणतात. आम्हां हिशेबाच्या माणसांना बाळंतपणाचा विचारही याच शब्दात सुचतो. प्रसूतीचा सुमार काही महिने आधी ठाऊक असतो, तरीही अनेक घरांतील तयारी बाळंतविड्यापुरतीच राहते.

सन १९९४ मध्ये सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूंमागील तीन विलंब मांडले : उपचार घेण्याचा निर्णय करण्यास लागणारा, रुग्णालयात पोहोचण्यास लागणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास लागणारा. तिसरा विलंब टाळणे हे रुग्णालयाचे कर्तव्य होय. पहिले दोन मात्र घरी व वाटेत होतात. त्यांची तरतूद कुटुंबानेच करावयाची असते.

निर्णयाची तरतूद

आपल्या किनाऱ्यावर घरधनी कधी मासेमारीसाठी समुद्रावर, तर कधी नोकरीनिमित्त मुंबईस असतो. त्याचा फोन लागेपर्यंत घरची मंडळी थांबून राहतात. म्हणून निर्णय कोणी घ्यावयाचा, हे आधीच ठरवावे व त्यात गर्भवतीचा शब्द प्रथम मानावा. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास कोणाचीही वाट न पाहता निघावे.

कागदांची व वाटेची तरतूद

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत मायेची आहे. परंतु सातव्या महिन्यात मुंबईहून आलेल्या लेकीचे तपासणीचे कागद पुष्कळदा तिकडेच राहतात. रक्तगट, रक्तदाब, सोनोग्राफी व हिमोग्लोबिन यांच्या नोंदी तिच्यासोबतच असाव्यात. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजतात. त्यावरील उपचारास वेळ लागतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईस अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ही माहिती ऐनवेळी शोधू नये.

देवबागसारखे गाव कर्ली खाडी व समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तेथून पावसाळ्यातील रात्री बाहेर पडणे सोपे नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही शेजारच्या एका वाहनचालकाशी आधी बोलून ठेवावे. गुंतागुंत वाढल्यास ओरोस येथील शासकीय रुग्णालय, तर कधी गोव्यातील बांबोळी गाठावे लागते. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरांहून दूर आहे. म्हणून सोबत कोण येणार, रक्त कोण देणार आणि हाताशी किती रक्कम असावी, हे ठरलेले बरे. शासकीय केंद्रांत दरमहा ९ तारखेस होणाऱ्या मोफत प्रसूतिपूर्व तपासणीचाही लाभ घ्यावा.

मनाची तरतूद

प्रसूतीची भीती वाटणे हा दुबळेपणा नव्हे. इतरांच्या कठीण बाळंतपणाच्या कथा गर्भवतीपुढे उगाळू नयेत. तिच्या शंका मात्र डॉक्टर वा परिचारिका यांना मोकळेपणाने विचारू द्याव्यात. जन्मानंतर तासाभरात बाळास चिकाचे दूध मिळावे, मध वा साखरेचे पाणी देऊ नये, हे आजीलाही आधीच समजावून सांगावे. म्हणजे पहिल्याच दिवशी वाद होत नाही.

बाळंतिणीस पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे सर्रास आढळते व ते बहुधा आपोआप ओसरते. बारसे उरकून पाहुणे परततात, तेव्हा खरे एकटेपण जाणवू लागते. उदासी, निद्रानाश किंवा बाळाविषयी तुटकपणा दोन आठवड्यांनंतरही राहिल्यास तो आजार समजून डॉक्टरांस दाखवावे. स्वतःस वा बाळास इजा करण्याचे विचार मनात आल्यास एक दिवसही थांबू नये. १४४१६ या शासकीय दूरध्वनीवर मानसिक आरोग्याचा सल्ला मोफत मिळतो. वडिलांनीही रात्रीचे एक जागरण आपल्याकडे घ्यावे. बाळाचे लंगोट बदलण्यात कमीपणा नाही.

आमच्या देणगीदारांच्या साहाय्यामुळे तिसरा विलंब कमी करण्याचे बळ आम्हांस मिळते. पहिल्या दोन विलंबांवर मात्र घरच्यांचाच अधिकार आहे. डोहाळजेवणास दोन्हीकडची माणसे एकत्र जमतात. त्या दिवशी ओटी भरून झाल्यावर, या पानावरील प्रत्येक बाब कोणाकडे राहील, हे नावानिशी ठरवून लिहून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.