पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतील वाळू

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामपंचायतीपुढील पटांगण, शाळेची वाट, देवळासमोरील जागा आणि घरांची अंगणे आता सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढविलेली दिसतात. या ठोकळ्यांस सर्वत्र पेव्हर ब्लॉक असेच म्हणतात; येथेही तोच शब्द वापरला आहे. काम नवे असता ते मोठे देखणे दिसते. परंतु दोन पावसाळे गेले की कोठे ब्लॉक डगमगू लागतात, कोठे ट्रॅक्टरच्या चाकाची चाकोरी पडते, कोठे कडेची ओळ बाहेर सरकते आणि अंधारातून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसास ठेच लागते. मग ब्लॉकला बोल लावला जातो. वास्तविक पुष्कळ ठिकाणी उणीव ब्लॉकमध्ये नसून दोन ब्लॉकांमधील सांध्यात असते.

हे ब्लॉक एकमेकांस चिकटविलेले नसतात. खाली मुरूम व खडीचा दाबलेला थर, त्यावर २० ते ४० मिलिमीटर जाडीची वाळूची गादी आणि तिच्यावर ब्लॉक, अशी ही रचना असते. दोन ब्लॉकांमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट ठेवतात व ती बारीक वाळूने ठासून भरतात. एका ब्लॉकवर चाक आले असता त्याचा भार या वाळूच्या घर्षणामुळे शेजारच्या ब्लॉकांवर वाटला जातो. सांधा रिकामा असेल तर प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. तो चाकाखाली डुलतो, त्याच्या कडा शेजाऱ्यावर आपटून टवके उडतात, आणि फटीतून शिरलेले पाणी खालच्या गादीतील वाळू वाहून नेते. म्हणजे जो सांधा वरून क्षुल्लक दिसतो तोच सर्व फरसबंदीस एकजीव करतो. ही पद्धत मूळची युरोपातील. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये भाजलेल्या विटांची टंचाई पडली, तेव्हा रस्त्यांसाठी विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले. सांधे वाळूने भरण्याचा प्रघात मात्र तसाच ठेवण्यात आला.

इतके महत्त्वाचे काम टाळून वाचते तरी किती? २० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद व ६० मिलिमीटर जाड असा ब्लॉक आणि ३ मिलिमीटरचा सांधा धरला, तर १०० चौरस मीटर अंगणाच्या सर्व सांध्यांत सुमारे २६० लिटर वाळू मावते. ही एका ब्रासचा दहावा हिस्साही नव्हे. सांडलवंड धरून दुप्पट वाळू आणली तरी ब्रासचा पाचवा हिस्सा होत नाही. तेव्हा हे काम राहते ते खर्चामुळे नव्हे, तर ते कोणी मोजून घेत नाही म्हणून राहते.

वाळू कोणती घ्यावी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष विचाराचा आहे. गोदाकाठची नैसर्गिक वाळू उत्तम. पण ती रीतसर परवान्याचीच असावी आणि तीत गाळ नसावा. क्रशरवरची दगडाची कच सर्वत्र मिळते. आपला काळा पाषाण कठीण असल्याने तिचे कण टोकदार असतात व सांध्यात चांगले अडकून बसतात. मात्र कचेत दगडाचे पीठ फार असेल तर पहिल्याच पावसात त्याचा चिखल होतो. कारखान्यात धुऊन काढलेली कृत्रिम वाळू या दृष्टीने बरी. राज्य शासनानेही २०२५ साली कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले आहे. कोणतीही वाळू असो, गवंडी गिलाव्यासाठी वापरतात त्या बारीक जाळीतून ती चाळून घ्यावी; २.३६ मिलिमीटरहून मोठा कण सांध्यात नको. गाळाची पारख घरीच करता येते. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू व वर पाणी घालून हलवावे आणि बाटली रात्रभर स्थिर ठेवावी. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून जाड दिसल्यास ती वाळू धुतल्यावाचून वापरू नये. शेतातली माती किंवा गादीसाठी आणलेली जाडी वाळू सांध्यात लोटणे हा तर निव्वळ देखावा होय.

या कामास चैत्र-वैशाखाचे दिवस योग्य. वाळू ताडपत्रीवर पसरून कडक उन्हात वाळवावी. ओली वाळू सांध्याच्या तोंडाशीच अडते व खाली पोकळी राहते. वरून मात्र सांधा भरलेला दिसतो. प्रथम कोरड्या ब्लॉकांवरून कंपनयंत्र एकदा फिरवून ते गादीत बसवावेत. मग वाळू पसरून खराट्याने तिरपी लोटावी व पुन्हा यंत्र फिरवावे. वाळू खाली बसेल, सांधे पुन्हा रिते दिसतील. पुन्हा वाळू लोटावी. दोन-तीन वेळा असे केल्यावाचून सांधा तळापासून भरत नाही. यंत्र न मिळाल्यास ब्लॉकांवर फळी ठेवून धुम्मसाने चोपावे. कडेचा दगड पक्का बसलेला नसेल तर कडेपासून १ मीटरपर्यंत यंत्र नेऊ नये, ओळ सरकते. शेवटी वाळू ब्लॉकच्या माथ्यापासून ३ ते ५ मिलिमीटर खाली असावी आणि उरलेली झाडून काढावी.

सांध्यात सिमेंटचा माल भरण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. तो मानू नये. जमीन थोडी हलताच असा सांधा तडकतो, आणि पुढे नळासाठी खोदाई निघाली की ब्लॉक फोडूनच काढावे लागतात. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यानंतर ज्या गल्ल्या उकरल्या गेल्या, तेथे ब्लॉक परत बसविताना सांधे भरले की नाही, हे पाहण्यासारखे आहे.

वाळू कितीही चांगली भरली तरी काळ्या मातीवर थेट केलेली फरसबंदी टिकणार नाही. पैठण, गंगापूर, वैजापूर या भागांतील भारी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे काळी माती काढून मुरूम भरावाच लागतो. कन्नड, सोयगावकडील डोंगराळ भागात मुरूम वरच लागतो, तेथे हा खर्च कमी. पाण्याला दर मीटरमागे २ सेंटिमीटर उतार द्यावा व तो घराच्या भिंतीकडे नसावा.

शेतकरी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मका किंवा सोयाबीन वाळविण्याच्या खळ्यास हे ब्लॉक उपयोगी नाहीत, कारण सांध्यातील वाळू धान्यात मिसळते आणि बाजारात भाव पडतो. गोठ्यासही नाहीत, मूत्र सांध्यांत मुरून दुर्गंधी सुटते. या दोन्ही ठिकाणी सलग काँक्रीटच बरे.

सार्वजनिक काम असल्यास मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दहा-बारा ठिकाणी सांध्यात पातळ लोखंडी पट्टी दाबून पाहावी. ती सहज १ सेंटिमीटरहून अधिक खाली गेली तर सांधा पोकळ आहे असे समजावे व काम पुरे करून घ्यावे. पहिले दोन-चार पाऊस झाले की वाळू थोडी बसतेच, शिवाय मुंग्याही ती उकरतात. उघडीप मिळताच पुन्हा एक हात द्यावा. हरळी सांध्यात शिरल्यास ती मुळासकट काढून रिकामी जागा लगेच भरावी. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोराचा फवारा सांध्यांवर धरू नये. काम संपताच चाळलेल्या वाळूची दोन पोती व दहा-वीस जादा ब्लॉक ग्रामपंचायतीच्या खोलीत कोरड्या जागी ठेवून त्यांची नोंद साठा वहीत करावी.