खेळाडू बदलतात, मग विक्रम कोणाचा?

प्रश्न : माझी पुतणी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकते. तिथल्या बास्केटबॉल स्टेडियमच्या छताला विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत आणि त्यांतले बरेचसे जॉन वुडन या एकाच प्रशिक्षकाच्या काळातले आहेत, असं ती सांगते. त्यांच्या नावापुढे ६२०-१४७ असा आकडा लिहितात म्हणे. हा आकडा काय सांगतो? कॉलेजचे खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, तर मग विक्रम प्रशिक्षकाच्या नावावर कसा? आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचं नाव दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाही. आणि एक शंका : इतकी विजेतेपदं मिळाली ती प्रशिक्षकामुळे, की चांगले खेळाडू त्या कॉलेजात आपोआप येत गेले म्हणून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पहिल्या शंकेतच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. खेळाडू जातात म्हणूनच विक्रम प्रशिक्षकाच्या नावावर राहतो. संघाचं नाव तेच, गणवेश तोच, पण आतली मुलं दर काही वर्षांनी पूर्ण बदलतात. वुडन यांच्या काळात तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळायची परवानगीच नव्हती. तो नियम १९७२ साली सुटला. म्हणजे कितीही गुणी मुलगा असला तरी प्रशिक्षकाच्या वाट्याला त्याचे जेमतेम तीन मोसम येत. सत्तावीस वर्षं बाकावर बसलेला माणूस एकच.

आता आकड्याकडे वळू. बास्केटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही. गुण समान झाले तर पाच मिनिटांचा जादा वेळ, तरीही समान राहिले तर आणखी पाच मिनिटं. त्यामुळे हिशेबाला दोनच रकाने लागतात, जिंकले किती आणि हरले किती. ६२०-१४७ म्हणजे १९४८ ते १९७५ या २७ मोसमांत यूसीएलएने वुडन यांच्या हाताखाली ६२० सामने जिंकले आणि १४७ गमावले. मोसम हिवाळ्यात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो, म्हणून तो दोन सालांनी ओळखला जातो : १९६३-६४, १९७२-७३ असा. आधी आपल्या भागातल्या कॉलेजांची साखळी, ज्याला तिथे कॉन्फरन्स म्हणतात, आणि मग मोसमाच्या शेवटी एनसीएए या संघटनेची देशपातळीवरची बाद फेरी. बाद फेरीत एक सामना हरलात की घरी.

वुडन यांनी ही राष्ट्रीय स्पर्धा दहा वेळा जिंकली, तीही बारा वर्षांत. १९६४ आणि १९६५, नंतर १९६७ पासून १९७३ पर्यंत सलग सात वर्षं, आणि शेवटचं १९७५ साली. चार मोसम असे की संघ ३० पैकी एकही सामना हरला नाही : १९६३-६४, १९६६-६७, १९७१-७२ आणि १९७२-७३. जानेवारी १९७१ ते जानेवारी १९७४ या काळात सलग ८८ विजय. राष्ट्रीय बाद फेरीत सलग ३८ विजय.

बहुतेक लोक हे एवढे आकडे सांगून थांबतात. माझ्या मते ते चुकीच्या ठिकाणी थांबतात. ६२०-१४७ हा आकडा मधोमध फोडून पाहावा लागतो. पहिल्या पंधरा मोसमांचा हिशेब २८५ विजय आणि १२५ पराभव असा आहे, आणि त्यांत एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. शेवटच्या बारा मोसमांचा हिशेब ३३५ विजय, २२ पराभव. बारा वर्षांत बावीस पराभव! पण मला पहिली पंधरा वर्षं जास्त बोलकी वाटतात.

वुडन मूळचे इंडियाना राज्यातले, शेतकऱ्याघरचे. जन्म १४ ऑक्टोबर १९१०. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना ते देशातल्या निवडक खेळाडूंत सलग तीन वर्षं गणले गेले. पुढे शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि सोबत बास्केटबॉल. केंटकीतल्या शाळेतला त्यांचा पहिलाच मोसम पराभवांचा होता. आयुष्यात पुन्हा कधी त्यांच्या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नौदलात नोकरी केली आणि १९४६ साली ते इंडियानातल्या एका अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षक झाले.

तिथे जे घडलं ते विजय-पराभवाच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. १९४७ साली त्यांच्या संघाला लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं. त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. वॉकर बाकावरचा खेळाडू, मुख्य पाचांतला नव्हे. त्याला मागे ठेवून जाणं सोपं होतं. वुडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी ती बंदी उठली, संघ गेला, वॉकर खेळला आणि अशा राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामना लुईव्हिलने जिंकला. वुडन यांच्या कॉलेज-कारकिर्दीत अंतिम सामन्यात हार झाली ती ही एकदाच. त्यांची दहाही विजेतेपदं एका बाजूला ठेवून मी ही हार दुसऱ्या बाजूला ठेवीन.

त्याच वर्षी ते लॉस एंजेलिसला आले. खरं तर त्यांना मिनेसोटाला जायचं होतं, घराजवळ. ठरलेल्या वेळी मिनेसोटाचा फोन आला नाही, कारण बर्फाच्या वादळाने तारा बंद पडल्या होत्या. त्यांनी यूसीएलएला होकार दिला आणि थोड्याच वेळात मिनेसोटाचा फोन आला. दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. यूसीएलएचा संघ आदल्या वर्षी जिंकल्यापेक्षा हरला जास्त होता, आणि नव्या मोसमात तो तळाला राहील असा जाणकारांचा अंदाज होता. तो २२-७ वर संपला.

पण सोयी काहीच नव्हत्या. सराव एका जुन्या, कोंदट व्यायामशाळेत, तेही कुस्तीगीर आणि जिम्नॅस्ट मंडळींसोबत जागा वाटून घेत. सरावाआधी वुडन स्वतः फडका घेऊन फरशी पुसत. आगीच्या धोक्यामुळे तिथे प्रेक्षकांच्या संख्येवर बंधन आलं, तेव्हा संघ आपले घरचे सामनेही गावात इकडेतिकडे खेळू लागला. पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी बिल रसेलचा सॅन फ्रान्सिस्को संघ १९५५ आणि १९५६ साली राष्ट्रीय विजेता झाला, १९५९ साली शेजारचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. यूसीएलएचा १९५९-६० चा मोसम तर १४-१२ असा कसाबसा पार पडला. आजच्या काळात एवढा धीर कोणतं विद्यापीठ धरील? बारा-चौदा वर्षं राष्ट्रीय किताब नाही म्हटल्यावर प्रशिक्षकाला निरोपाचा नारळ मिळतो.

१९६२ साली संघ प्रथमच शेवटच्या चारांत पोहोचला आणि सिनसिनाटीकडून दोन गुणांनी हरला. दोन वर्षांनी पहिलं विजेतेपद आलं ते अशा संघाकडून, ज्याच्या मुख्य पाचांत सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच कुणीच नव्हतं. वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच, कीथ एरिक्सन, फ्रेड स्लॉटर, जॅक हर्श. साहाय्यक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांनी आग्रह धरला की प्रतिस्पर्ध्याला आपल्या बास्केटजवळ येऊ देण्याची वाट न पाहता अख्ख्या मैदानावर त्याच्यावर दबाव टाकायचा. वुडन यांनी ते ऐकलं. अंतिम सामन्यात ड्यूकचे उंच खेळाडू या धावपळीत गडबडले. काही मिनिटांत यूसीएलएने लागोपाठ सोळा गुण घेतले आणि सामना ९८-८३ असा जिंकला. तुमची ‘चांगले खेळाडू आपोआप आले’ ही शंका या पहिल्या विजेतेपदाला मुळीच लागू पडत नाही.

नंतरच्या विजेतेपदांना मात्र ती थोडी लागू पडते, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. जिंकणाऱ्या कॉलेजकडे गुणी मुलं येतात. न्यूयॉर्कचा सात फुटी लू अल्सिंडर १९६५ साली आला. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. नियमामुळे पहिलं वर्ष त्याला मुख्य संघात जागा नव्हती. नोव्हेंबर १९६५ मध्ये, नवं पॉली पॅव्हिलियन उघडलं तेव्हा, पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ आणि दोन वेळचा राष्ट्रीय विजेता मुख्य संघ यांच्यात सामना झाला. पोरांनी तो ७५-६० असा जिंकला. अल्सिंडर खेळला त्या तीन मोसमांत यूसीएलए फक्त दोन सामने हरलं. त्यांतला एक ह्यूस्टनविरुद्धचा, जानेवारी १९६८ मधला, अ‍ॅस्ट्रोडोममध्ये पन्नास हजारांवर प्रेक्षकांसमोर झालेला, ७१-६९. दोनच महिन्यांनी उपांत्य सामन्यात त्याच ह्यूस्टनला यूसीएलएने १०१-६९ असं हरवलं. नंतर बिल वॉल्टन आला. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिसविरुद्ध त्याने २२ वेळा चेंडू बास्केटकडे टाकला आणि २१ वेळा तो आत गेला. एकट्याचे ४४ गुण.

आणखी दोन गोष्टी टीकाकार सांगतात आणि त्या खऱ्या आहेत. तेव्हाची बाद फेरी लहान होती. सलग सात विजेतेपदांच्या काळात किताबासाठी चार सामने जिंकले की पुरत. आज ६८ संघांच्या स्पर्धेत साधारणपणे सहा लागतात. शिवाय पश्चिमेचे संघ आधी आपसांतच खेळत, त्यामुळे यूसीएलएची वाट त्या मानाने सोपी होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एक श्रीमंत हितचिंतक खेळाडूंना नियमात न बसणारी मदत करत असे आणि १९८१ साली एनसीएएने विद्यापीठावर कारवाई केली. वुडन तेव्हा निवृत्त झालेले होते. पण त्यांच्या काळातही तो गृहस्थ खेळाडूंच्या आसपास होता, हे विक्रमाबद्दल लिहिताना लपवू नये.

हे सगळं वजा केलं तरी बरंच उरतं. अल्सिंडर १९६९ साली गेला, वॉल्टन १९७१-७२ मध्ये खेळू लागला. मधल्या दोन्ही वर्षी यूसीएलएच विजेतं. वॉल्टनची पिढी १९७४ साली संपली, त्या वर्षी उपांत्य सामन्यात दोन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून हार झाली, आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ नव्या संघाने केंटकीला ९२-८५ असं हरवून दहावा किताब घेतला. दोन दिवस आधी, उपांत्य सामना संपल्यावर, वुडन यांनी खेळाडूंना निवृत्तीचा निर्णय सांगितला होता. वेगवेगळ्या ठेवणीचे संघ : बुटके आणि चपळ, मग उंच केंद्रखेळाडूभोवती उभारलेले, मग दोन्ही नसलेले. निकाल मात्र तोच.

कसं? याचं उत्तर शोधायला त्या शेवटच्या मोसमात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला येऊन बसले. पंधरा सराव त्यांनी पाहिले आणि वुडन यांच्या शिकवण्याच्या २३२६ कृती नोंदवल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहिती देणाऱ्या होत्या : काय करायचं, कसं करायचं. शाबासकी सातेक टक्के, नाराजीही जवळपास तेवढीच. लांबलचक भाषणं नाहीत, आरडाओरडा नाही. चूक झाली की बरोबर कसं ते करून दाखवायचं, चूक कशी झाली ते दाखवायचं आणि पुन्हा बरोबर करून दाखवायचं, सगळं काही सेकंदांत. रोज सकाळी साहाय्यकांसोबत बसून दुपारच्या सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते तयार करत, आणि जुने आराखडे जपून ठेवत, म्हणजे गेल्या वर्षी याच दिवशी काय शिकवलं होतं ते पाहता येई. मोसमाचा पहिला धडा मोजे घालण्याचा असे : सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर मुलगा सरावाला मुकतो. देशभरातून निवडून आलेल्या खेळाडूंनाही यातून सूट नव्हती. हा इंग्रजीच्या मास्तरांचा वर्ग होता, फक्त फळ्याऐवजी मैदान.

तुलनाच करायची तर पुरुषांत त्यांच्यानंतर माइक शशेव्स्की येतात : सर्व मिळून १२०२ विजय, वुडन यांच्या जवळपास दुप्पट, पण किताब पाच. महिलांमध्ये कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा यांनी बारा किताब मिळवले आहेत आणि त्यांच्या संघाने ८८ विजयांचा विक्रम मागे टाकून पुढे सलग १११ सामने जिंकले. त्यांचं काम अजून चालू आहे.

वुडन ४ जून २०१० रोजी, शंभरीला काही महिने उरले असताना वारले. तुमच्या शेवटच्या शंकेला माझं उत्तर यूसीएलएच्याच नोंदीत आहे. १९७५ नंतर विद्यापीठ तेच, शहर तेच, स्टेडियम तेच, नावाची ओढही तीच. अनेक प्रशिक्षक आले. तेव्हापासून आजवर त्यांच्या पुरुष संघाने राष्ट्रीय विजेतेपद एकदाच मिळवलं आहे, १९९५ साली.