आधी स्टिकर उचकटून पाहा

लेकाच्या पाचव्या वाढदिवसाला मी डायनासोरची हाडं खणून काढायचा खेळ आणला. जालन्यातल्याच एका दुकानातून, साडेसहाशे रुपये मोजून. मुलाचं वय दोनदा सांगितलं होतं. ‘‘अहो ताई, चार वर्षांची पोरंही खेळतात,’’ हे दुकानदाराचेच शब्द.

आतला ठोकळा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दगडासारखा. प्लास्टिकची छिन्नी लगेच मोडली. मी भाकरी टाकेपर्यंत पोरानं खलबत्त्यातला बत्ता उचलला. येऊन बघते तर भुवया, पापण्या, नाकपुड्या पांढऱ्याफटक. रात्रभर खोकला. चुरा मी मोरीत धुतला, तो पाइपात बसला. प्लंबरचे चारशे वेगळेच.

दुसऱ्या दिवशी खोकं टाकताना किमतीच्या स्टिकरचं टोक सुटलेलं दिसलं. नखानं ओढलं. खाली ठळक छापलेलं होतं: ‘8 वर्षांवरील मुलांसाठी’. माझे हात थरथरले. स्टिकर नेमका तिथेच कसा बसला?

दुकानात गेले तर चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, ‘‘फोडलेला माल परत नाही. पोराकडे लक्ष कुणी द्यायचं?’’ ते अजून मनातून जात नाही.

तर, वय छापलेलं स्वतः वाचा. आयएसआय चिन्ह बघा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे. आमच्या खोक्यावर नव्हतं. बिल मागाच, तक्रारीला 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. ठोकळा अंगणात, पाणी शिंपडूनच फोडू द्या. चुरा कचऱ्यात टाका, मोरीत कधीच नको. मुलांजवळ बसा.

खोक्यावर ‘खरे जीवाश्म’ लिहिलेलं, आत प्लास्टिकचा अमेरिकन टी-रेक्स. मग पोरगं खरी हाडं शोधायला मामाच्या शेतात खणत बसलं आणि रडत परत आलं. त्याला खरं सांगितलं: आपला जालन्याचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात हाडं मिळायची नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला मात्र डायनासोरची खरी हाडं सापडली आहेत. गुजरातेत सापडलेल्या डायनासोरला 2003 मध्ये राजासॉरस नाव दिलं. हे त्याला टी-रेक्सपेक्षा जास्त आवडलं.

आता ठोकळा मीच करते. निव्वळ काळी माती वाळून कडक होते, म्हणून निम्मी वाळू घालते. आत मोठा शंख पुरते, दोन दिवस उन्हात ठेवते. जेवणाच्या चमच्यानं सुटतो.